नीती आणि नीतिशास्त्र : संकल्पनाभेदाचा इतिहास

मानवी आचरणाच्या योग्यायोग्यतेविषयी समाजात रूढ असलेले नियम, आदर्श, समजुती व निषेध ह्यांच्या समुच्चयाला सामान्यतः ‘नीती’ किंवा ‘नैतिकता’ म्हणतात. तर ह्या नियमांचा अर्थ काय, त्यांना आधार कोणता आणि ते का पाळावेत, ह्या प्रश्नांचा पद्धतशीर तात्त्विक विचार करणाऱ्या शास्त्राला ‘नीतिशास्त्र’ असे म्हणतात. इंग्रजीतील ‘मोरॅलिटी’ आणि ‘एथिक्स’ ह्या संज्ञांमधील भेद पाठ्यपुस्तकांतून बहुधा ह्याच प्रकारे सांगितला जातो. भाषा आणि व्याकरण ह्यांच्यात जो संबंध आहे, त्यासारखाच हा संबंध आहे. व्याकरण ठाऊक नसलेला माणूस भाषा शुद्ध बोलू शकतो. त्याचप्रमाणे नीतिशास्त्राचा गंधही नसलेला माणूस नीतिमान असू शकतो. उलटपक्षी नीतिशास्त्रज्ञ हा नीतिमान असेलच, असे नाही.

तथापि ही व्यवस्था सर्वमान्य नाही आणि ती फारशी जुनीही नाही. ह्या दोन संज्ञा मुळात समानार्थी होत्या. त्यांच्यात भेद करण्याची आवश्यकता वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या तत्त्ववेत्त्यांना वेगवेगळ्या कारणांसाठी भासली. त्यामुळे एकाने ज्याला ‘नीती’ म्हटले, त्यालाच दुसऱ्याने नेमके विरुद्ध नाव दिल्याचेही आढळते. ह्या शब्दभेदामागे मात्र एक खरा प्रश्न उभा आहे : समाजात जे चांगले मानले जाते ते खरोखर चांगले आहे काय, असे विचारण्याचा अधिकार व्यक्तीला आहे की नाही आणि असल्यास तो कशाच्या बळावर?

व्युत्पत्ती : ग्रीक भाषेत ‘एथॉस’ ह्या शब्दाचा अर्थ सवय किंवा रूढी असा आहे. आद्य स्वर दीर्घ असलेल्या ‘ईथॉस’ ह्या जवळच्या शब्दाचा अर्थ स्वभाव किंवा शील असा होतो. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) आपल्या निकोमॅकीअन एथिक्स ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ह्या दोन शब्दांच्या नात्याकडे लक्ष वेधले आहे. शीलविषयक सद्‌गुण सवयीतून घडतात आणि म्हणूनच त्यांचे नावही ‘सवय’ ह्या शब्दात किंचित फरक होऊन सिद्ध झाले आहे, असे तो सांगतो. रोमन वक्ता व तत्त्ववेत्ता सिसेरो (इ. स. पू. १०६–४३) ह्याने ग्रीक तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये आणताना ‘मोस’ (अनेकवचन ‘मोरेस’), म्हणजे रूढी किंवा रीतिरिवाज, ह्या शब्दावरून ‘मोरालिस’ हे विशेषण बनविले. आपण ग्रीक संज्ञेसाठी हा नवा शब्द योजीत आहोत, असे त्याने दे फातो (नियतीविषयी) ह्या ग्रंथात म्हटले आहे. तात्पर्य, ‘मोरल’ हा शब्द ‘एथिकल’ ह्या शब्दाचे भाषांतर म्हणूनच जन्माला आला. आज ज्यांच्यात भेद केला जातो त्या दोन संज्ञांचे मूळ असे एकच आहे आणि दोन्ही भाषांत ते रूढीपाशी जाऊन पोहोचते.

ग्रीक विचार : रूढी हा नीतीचा उगम असला, तरी तोच तिचा आधार आहे काय, ही शंका ग्रीकांच्या मनात फार लवकर उद्‌भवली. इतिहासकार हीरॉडोटस (इ. स. पू. सु. ४८४–सु. ४२५) ह्याने इराणी सम्राट दरायस ह्याच्या दरबारातील एक प्रसंग नोंदविला आहे. दरायसने ग्रीकांना विचारले, की किती द्रव्य दिले असता तुम्ही आपल्या मृत पित्याचे मांस खाल? कितीही दिले तरी नाही, असे त्यांनी सांगितले. नंतर त्याने पित्याच्या मृतदेहाचे भक्षण करण्याची चाल असलेल्या कलाती नावाच्या भारतीय जमातीच्या लोकांना विचारले, की काय दिले असता तुम्ही पित्याचे दहन कराल? ते ऐकून त्यांनी असे अभद्र बोलू नये म्हणून आक्रोश केला. रूढी ही सर्वांची राणी आहे, असा निष्कर्ष हीरॉडोटसने ह्यावरून काढला. सॉफिस्ट विचारवंतांनी हीच शंका पुढे नेऊन ‘नोमॉस’ (माणसांनी घालून दिलेले) आणि ‘फ्यूसिस’ (निसर्गतः असलेले) असा भेद केला. नीतिनियम हे निसर्गसिद्ध नसून संकेतजन्य आहेत, असे त्यांच्यापैकी अनेकांचे मत होते.

सॉक्रेटीसने (इ. स. पू. सु. ४७०–३९९) रूढीचे अंतिम प्रामाण्य मानले नाही, पण म्हणून नीती केवळ सांकेतिक आहे, असेही त्याने मानले नाही. धैर्य, न्याय, धर्मशीलता हे शब्द अथेन्सचे नागरिक रोज वापरीत होते. त्यांचा अर्थ सांगा, असे तो त्यांना म्हणे आणि त्यांची उत्तरे परस्परविसंगत असल्याचे दाखवून देई. प्लेटोच्या (इ. स. पू. सु. ४२८–सु. ३४८) युथिफ्रो ह्या संवादात, देवांना प्रिय आहे म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय असते, असा प्रश्न सॉक्रेटीस उपस्थित करतो. कोणत्याही आज्ञेला, मग ती देवाची असो वा समाजाची, ‘का?’ असे विचारता येते, हे ह्या प्रश्नाने प्रस्थापित केले. तात्त्विक नीतिशास्त्राचा आरंभ येथे झाला, असे सामान्यतः मानले जाते. तरुणांना बिघडविणे आणि नगराच्या देवतांना न मानणे ह्या आरोपांखाली इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटीसला देहान्ताची शिक्षा झाली. क्रिटो ह्या संवादात त्याने तुरुंगातून पळून जाण्यास नकार दिला आहे. नगराच्या रूढ श्रद्धांची तो चिकित्सा करीत राहिला. परंतु नगराचे कायदे मोडणे त्याला अन्याय्य वाटले.

ॲरिस्टॉटलच्या नीतिविचारात ‘मी कोणती आज्ञा पाळावी?’ हा प्रश्न प्रमुख नाही. ‘मनुष्याचे जीवन परिपूर्ण कशाने होते?’ हा प्रश्न प्रमुख आहे. ज्याप्रमाणे वीणा वाजवूनच वीणावादक होता येते, त्याप्रमाणे न्याय्य कृत्ये करूनच माणूस न्यायी होतो, असे तो म्हणतो. चांगले वळण लागलेला, चांगल्या कायद्यांच्या नगरात वाढलेला माणूसच नीतिविचाराचा अधिकारी होय, ही त्याची भूमिका रूढीला योग्य ते स्थान देते. परंतु तिची मर्यादाही उघड आहे : गुलामगिरी ही काही माणसांच्या बाबतीत निसर्गसिद्ध आहे, असे हाच तत्त्ववेत्ता पॉलिटिक्स ह्या ग्रंथात प्रतिपादितो. ज्या समाजाच्या वळणावर तो विसंबला, त्या समाजाचा दोष त्याच्या दृष्टीआड राहिला.

आज्ञेची कल्पना : ख्रिस्ती मध्ययुगात नीतिविचाराचा केंद्रबिंदू सद्‌गुणांकडून ईश्वरी नियमाकडे सरकला. टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) ह्याने ॲरिस्टॉटलची सद्‌गुणमीमांसा व निसर्गदत्त नियमाची कल्पना ह्यांचा समन्वय केला. सतराव्या शतकात जर्मन विधिज्ञ झाम्यूएल पूफेनडोर्फ (१६३२–९४) ह्याने निसर्गदत्त नियमाला धर्मशास्त्रापासून वेगळे करण्याचा प्रयत्न केला, तर क्रिस्टिआन टोमाझिउस (१६५५–१७२८) ह्याने कायद्याने सक्तीने करवून घेता येणारी कर्तव्ये आणि ज्यांची सक्ती करता येत नाही, अशी आंतरिक कर्तव्ये ह्यांत भेद केला. अंतःकरणावर सत्ता चालविण्याचा शासनाला अधिकार नाही, हे ह्या भेदाचे व्यावहारिक फलित होते. यूरोपातील धर्मयुद्धांच्या पार्श्वभूमीवर त्याचे महत्त्व मोठे होते.

काँट : इमॅन्युएल काँटने (१७२४–१८०४) ह्या परंपरेला तात्त्विक बैठक दिली. दुकानदार गिऱ्हाइकांना, अगदी अजाण मुलालाही, फसवीत नाही. परंतु धंद्याचे हित साधावे म्हणून तो असे वागत असेल, तर त्याचे कृत्य कर्तव्याला अनुसरून असले, तरी कर्तव्यबुद्धीने केलेले नाही. पहिल्या प्रकारात केवळ नियमानुरूपता आहे, नैतिकता नाही. आपल्या कृतीमागील सूत्र हा सर्वांसाठी नियम व्हावा, असे विसंगतीशिवाय इच्छिता येईल काय, ही नैतिकतेची कसोटी होय. हा नियम व्यक्तीवर बाहेरून लादलेला नसतो. तिची विवेकशक्तीच तो स्वतःला घालून देते. मेटॅफिजिक्स ऑफ मॉरल्स (१७९७) ह्या ग्रंथात काँटने ‘नीती’ ह्या व्यापक क्षेत्राचे न्यायविषयक आणि सद्‌गुणविषयक असे दोन भाग पाडले आणि ‘एथिक्स’ ही संज्ञा त्यांपैकी दुसऱ्या भागापुरती, म्हणजे ज्या कर्तव्यांची बाहेरून सक्ती करता येत नाही त्यांच्यापुरती, मर्यादित केली. पूर्वी ही संज्ञा नीतिविचाराच्या संपूर्ण क्षेत्राला लावीत असत, ह्याचीही नोंद त्याने केली आहे. रूढी हा नीतीचा आधार असू शकतो, ही कल्पना काँटच्या विचारात पूर्णपणे निकालात निघते.

हेगेल : ह्या दोन संज्ञांतील भेद तत्त्वज्ञानाच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे केला तो जी. डब्ल्यू. एफ्. हेगेलने (१७७०–१८३१). फिलॉसॉफी ऑफ राइट ह्या १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, परंतु मुखपृष्ठावर १८२१ हे साल असलेल्या ग्रंथात तो म्हणतो, की ‘मोरालिटेट’ आणि ‘झिट्‌लिशकाइट’ हे जर्मन शब्द सामान्यतः समानार्थी समजले जात असले, तरी आपण ते भिन्न अर्थांनी योजीत आहोत. ‘मोरालिटेट’ म्हणजे व्यक्तीच्या हेतूची व सदसद्‌विवेकबुद्धीची नीती. काँटची नीती ती हीच. ‘झिट्‌लिशकाइट’ (‘झिटं’ म्हणजे रीत, चाल) म्हणजे कुटुंब, नागरी समाज आणि राज्य ह्या संस्थांमधून प्रत्यक्ष जगली जाणारी नीती. मराठीत पहिलीला आत्मनिष्ठ नीती आणि दुसरीला संस्थानिष्ठ नीतिजीवन असे म्हणता येईल.

काँटवरील हेगेलचा आक्षेप असा, की निव्वळ सुसंगतीच्या कसोटीतून कोणतेही विशिष्ट कर्तव्य निष्पन्न होत नाही. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणे हा सार्वत्रिक नियम केला, तर ठेव ठेवण्याची पद्धतच नष्ट होईल, हे काँटचे एक उदाहरण आहे. त्यावर, ठेवी नसल्या तर विसंगती कोठे येते, असे हेगेल विचारतो. मालमत्तेची संस्था असावी, हे आधीच गृहीत धरले असेल, तरच येथे विसंगती उद्‌भवते. म्हणजे कर्तव्याला आशय मिळतो तो माणूस ज्या संस्थांत राहतो त्यांच्यामुळे. पिता, कारागीर, न्यायाधीश, नागरिक ह्या नात्यांनी मी काय करावे, हे पुष्कळ अंशी ती नातीच सांगत असतात.

परंतु हेगेलने रूढीचे केवळ समर्थन केले, असे म्हणणे योग्य होणार नाही. प्राचीन ग्रीसमधील नीतिजीवन सुंदर पण अपुरे होते, कारण त्यात व्यक्तीच्या विवेकाला स्थान नव्हते, असे त्याचे मत आहे. फिनॉमिनॉलॉजी ऑफ स्पिरिट (१८०७) मध्ये त्याने सॉफोक्लीझच्या अँटिगॉनी ह्या नाटकातील संघर्षाचा विचार केला आहे. भावाला मूठमाती देणे हे अँटिगॉनीचे कुटुंबधर्माने ठरलेले कर्तव्य आहे; देशद्रोह्याला ती नाकारणे हे क्रेऑनचे राज्यकर्ता म्हणून कर्तव्य आहे. दोघेही आपापले कर्तव्य करतात आणि त्यातूनच सर्वनाश ओढवतो. सॉक्रेटीसच्या मृत्यूचीही मीमांसा हेगेल अशीच करतो : अथेन्सचे रूढ नीतिजीवन आणि व्यक्तीच्या अंतःकरणाचे नवे तत्त्व ह्या दोन्ही बाजूंना काही सत्य होते, म्हणूनच ती शोकांतिका होय. व्यक्तीच्या विवेकाला मान्य होतील अशा संस्थांमध्येच आधुनिक नीतिजीवन पूर्णत्वास जाते, हा हेगेलचा सिद्धांत आहे. संस्थाच अन्यायी असतील तर काय, ह्या प्रश्नाचे त्याचे उत्तर मात्र अनेक टीकाकारांना अपुरे वाटते. ब्रिटिश चिद्‌वादी एफ्. एच्. ब्रॅड्ली (१८४६–१९२४) ह्याने एथिकल स्टडीज (१८७६) ह्या ग्रंथातील आपल्या स्थानाची व त्यासंबंधीच्या कर्तव्यांची चर्चा करणाऱ्या प्रसिद्ध निबंधात हेगेलचा विचार मांडला. तथापि समाजाची अवस्था स्वतःच सदोष असू शकते, हे त्यानेही त्याच ग्रंथात मान्य केले आहे.

प्रचलित नीती व चिकित्सक नीती : इंग्लंडमध्ये हाच भेद वेगळ्या वाटेने पुढे आला. विधिज्ञ जॉन ऑस्टिन (१७९०–१८५९) ह्याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत, समाजात प्रत्यक्ष प्रचलित असलेल्या नीतीला ‘पॉझिटिव्ह मोरॅलिटी’ असे नाव दिले आणि आदर्श नियमांपासून ती वेगळी केली. जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) ह्याने ऑन लिबर्टी (१८५९) मध्ये समाजाच्या रूढ मतांच्या जुलमापासून व्यक्तीचे संरक्षण व्हावयास हवे, असे प्रतिपादिले. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीने, प्रौढ पुरुषांमधील संमतीने व खाजगीत होणारे समलैंगिक संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस केली, तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. सामायिक नीती हे समाजाला एकत्र धरणारे बंधन असल्याने तिचे कायद्याने रक्षण करण्याचा समाजाला हक्क आहे, असे न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन (१९०५–९२) ह्यांनी १९५९ च्या व्याख्यानात मांडले. एच्. एल्. ए. हार्ट (१९०७–९२) ह्यांनी लॉ, लिबर्टी अँड मोरॅलिटी (१९६३) मध्ये त्यास उत्तर देताना प्रचलित नीती आणि चिकित्सक नीती असा भेद केला. एखादा नियम समाजात प्रचलित आहे, हे विधान वस्तुस्थितीविषयीचे आहे. तो सक्तीने अंमलात आणणे समर्थनीय आहे काय, हा प्रश्न चिकित्सक नीतीचा आहे आणि पहिल्यावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने वुल्फेंडन समितीची ही शिफारस प्रत्यक्षात आली.

फ्रीड्रिख नीत्शे (१८४४–१९००) ह्याने ऑन द जीनिऑलॉजी ऑफ मॉरल्स (१८८७) मध्ये नैतिक मूल्यांचा उगम शोधून त्या मूल्यांचेच मूल्य काय, असा प्रश्न केला. आंरी बेर्गसाँ (१८५९–१९४१) ह्याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात, समाजाचे ऐक्य टिकविणारी ‘बंदिस्त’ नीती व सर्व मानवजातीला कवेत घेणारी ‘खुली’ नीती असे दोन प्रकार कल्पिले. अमेरिकेत जॉन ड्यूई (१८५९–१९५२) व जेम्स टफ्ट्‌स (१८६२–१९४२) ह्यांनी एथिक्स (१९०८) ह्या ग्रंथात रूढिजन्य नीती आणि विचारजन्य नीती ह्यांत भेद करून, पहिलीकडून दुसरीकडे होणारे संक्रमण हा नैतिक प्रगतीचा गाभा मानला.

विसाव्या शतकातील विश्लेषण : जी. ई. मूर (१८७३–१९५८) ह्याच्या प्रिन्सिपिया एथिका (१९०३) ह्या ग्रंथापासून इंग्रजी भाषिक जगात ‘चांगले’, ‘योग्य’ इ. नैतिक पदांच्या अर्थाचे विश्लेषण हे नीतिशास्त्राचे प्रमुख कार्य मानले जाऊ लागले. त्यातून पुढील विभागणी स्थिर झाली : समाजांत कोणती नीती आढळते ह्याचे वर्णन हे समाजशास्त्र व मानवशास्त्र ह्यांचे काम; कसे वागावे हे सांगणारे ते आदर्शक नीतिशास्त्र; नैतिक विधानांचे स्वरूप व प्रामाण्य तपासणारे ते अधिनीतिशास्त्र आणि विशिष्ट प्रश्नांना हे विचार लावणारे ते उपयोजित नीतिशास्त्र. नीती हा विषय आणि नीतिशास्त्र हा त्याचा अभ्यास, हा पाठ्यपुस्तकी भेद ह्या विभागणीत दृढ झाला. नीतिशास्त्रज्ञाने उपदेश न करता केवळ विश्लेषण करावे, असा आग्रहही काही काळ प्रभावी होता.

ह्या आग्रहाविरुद्धची प्रतिक्रिया एलिझाबेथ अँस्कम (१९१९–२००१) ह्यांच्या १९५८ मधील निबंधापासून दिसू लागते. नैतिक बंधनाची आधुनिक कल्पना ही ईश्वरी आज्ञेच्या कल्पनेचा अवशेष असून आज्ञा देणारा नाहीसा झाल्यावर ती निराधार झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बर्नर्ड विल्यम्स (१९२९–२००३) ह्यांनी एथिक्स अँड द लिमिट्स ऑफ फिलॉसॉफी (१९८५) मध्ये ‘एथिकल’ ही संज्ञा ‘कसे जगावे?’ ह्या व्यापक प्रश्नासाठी राखून ठेवली आणि ‘मोरॅलिटी’ हे तिचे एक संकुचित, आधुनिक पाश्चात्त्य रूप मानले. बंधन व दोषारोप हेच सर्वस्व मानणाऱ्या ह्या व्यवस्थेत जिव्हाळा, लज्जा, दैवाचा भाग ह्यांना न्याय मिळत नाही, अशी त्यांची टीका आहे. मीशेल फूको (१९२६–८४) ह्याने १९८४ मध्ये, समाजाची नियमसंहिता आणि व्यक्ती स्वतःला घडविण्यासाठी स्वतःशी जोडते ते नाते ह्यांत भेद करून दुसऱ्यास ‘एथिक्स’ म्हटले. युर्गेन हाबरमास ह्याच्या मते माझ्यासाठी किंवा आमच्या समुदायासाठी काय हितकर, हा ‘एथिकल’ प्रश्न होय. सर्वांच्या दृष्टीने सारखेच समर्थनीय काय, हा ‘मोरल’ प्रश्न होय. पॉल रिकर (१९१३–२००५) ह्याने १९९० मध्ये सुजीवनाच्या ध्येयाला पहिले नाव दिले व बंधनकारक नियमाला दुसरे. ध्येय हे मूळ, परंतु त्याला नियमाच्या चाळणीतून जावे लागते, असे तो म्हणतो. रॉनल्ड ड्वॉर्किन (१९३१–२०१३) ह्यांनी जस्टिस फॉर हेजहॉग्ज (२०११) मध्ये स्वतः चांगले कसे जगावे आणि इतरांशी कसे वागावे, असा हा भेद मांडून त्या दोहोंची एकात्मता दाखविण्याचा प्रयत्न केला.

ह्या मतांची तुलना केली असता एक गोष्ट लक्षात येते. पाठ्यपुस्तकी भेदात रूढीची बाजू ‘मोरॅलिटी’कडे आणि चिकित्सेची बाजू ‘एथिक्स’कडे जाते. हेगेल व हाबरमास ह्यांच्या भेदात नेमके उलट आहे. समुदायाच्या जीवनाशी निगडित असलेले ते ‘एथिकल’ आणि समुदायाच्या पलीकडे जाऊ पाहणारे ते ‘मोरल’. म्हणून कोणत्याही लेखकाचा ग्रंथ वाचताना त्याने ह्या संज्ञा कोणत्या अर्थाने योजल्या आहेत, हे प्रथम पाहावे लागते.

व्यवसायनीती : दैनंदिन व्यवहारात ‘एथिक्स’ हा शब्द व्यवसायाच्या आचारसंहितेसाठीही वापरला जातो. टॉमस पर्सिव्हल (१७४०–१८०४) ह्या इंग्लिश वैद्याच्या मेडिकल एथिक्स (१८०३) ह्या ग्रंथाचा आधार घेऊन अमेरिकन वैद्यक संघटनेने १८४७ मध्ये आपली संहिता तयार केली. अशा संहिता कधीकधी सामान्य नीतीशी विसंगत वाटणारी कर्तव्ये सांगतात. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली पूर्वीच्या गुन्ह्याची कबुली वकिलाने उघड करू नये, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ह्या कर्तव्याचे समर्थन अखेर असेच करावे लागते, की अशी गुप्तता असल्याखेरीज न्यायव्यवस्थाच चालणार नाही. म्हणजे व्यवसायनीतीला शेवटी सामान्य नीतीच्या न्यायासनापुढे उभे राहावेच लागते. संहितेचे पालन म्हणजे नीती नव्हे, हे विसाव्या शतकातील अनुभवांनी दाखवून दिले. नाझी छळछावण्यांतील वैद्यकीय प्रयोगांबद्दल झालेल्या खटल्याच्या निकालात १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता मांडली गेली व प्रयोगास व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती अपरिहार्य ठरली. तरीही अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून चालू असलेले, उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून केलेले निरीक्षण १९७२ पर्यंत थांबले नाही. त्यानंतर बेल्मॉन्ट अहवालाने (१९७९) व्यक्तीचा आदर, हितसाधन व न्याय ही संशोधनाची मूलतत्त्वे म्हणून मांडली.

भारतीय विचार : ‘एथिक्स’ व ‘मोरॅलिटी’ ह्या जोडीला तंतोतंत समांतर अशी जोडी संस्कृतात नाही. ‘नीति’ हा शब्द ‘नी’ (नेणे) ह्या धातूपासून सिद्ध झाला असून कामंदकीय नीतिसारासारख्या ग्रंथांत त्याचा अर्थ प्रामुख्याने राज्यव्यवहारातील धोरण व शहाणपण असा आहे. आजच्या अर्थाने नीतीचा विचार भारतीय परंपरेत मुख्यतः ‘धर्म’ ह्या संज्ञेखाली झाला. वर्ण व आश्रम ह्यांनुसार भिन्न असणारा विशेष धर्म आणि अहिंसा, सत्य, अस्तेय इ. सर्वांना समान असणारा साधारण धर्म हा भेद धर्मशास्त्रात आढळतो. मनुस्मृतीत श्रुती, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या अंतःकरणाचे समाधान अशी धर्माची चार प्रमाणे सांगितली आहेत. म्हणजे रूढी व अंतःकरण ही दोन्ही तेथे आहेत. परंतु त्यांच्यात विरोध आल्यास श्रुती श्रेष्ठ ठरते आणि विशेष धर्माचेच पारडे व्यवहारात जड राहिले.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विधवाविवाह व संमतिवय ह्यांवरील वादांच्या निमित्ताने हा प्रश्न तीव्र झाला. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) व रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) ह्यांनी सुधारणांना शास्त्राधार दाखविण्याचा मार्ग अनुसरला. तर सुधारक ह्या १८८८ मध्ये सुरू झालेल्या पत्रातून गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) ह्यांनी शास्त्राधार असो वा नसो, विवेकाला जे पटते तेच आचरावे, अशी भूमिका घेतली. बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) ह्यांनी गीतारहस्य (१९१५) ह्या ग्रंथात मिल, काँट, ग्रीन इत्यादींच्या मतांची चर्चा करून कर्माकर्मनिर्णयाचे आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक असे तीन मार्ग सांगितले आणि तिसऱ्याची श्रेष्ठता प्रतिपादिली. वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) ह्यांच्या नीतिशास्त्र-प्रवेश ह्या ग्रंथाने ह्या शास्त्राची मराठी परिभाषा रुळविण्यास मोठा हातभार लावला.

रूढ नीतीच्या चिकित्सेला भारतात सर्वांत मूलगामी रूप डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) ह्यांनी दिले. कोलंबिया विद्यापीठात ते ड्यूई ह्यांचे विद्यार्थी होते. ॲनाय्‌हिलेशन ऑफ कास्ट (१९३६) मध्ये त्यांनी नियम व तत्त्वे ह्यांत भेद केला. नियम ठराविक कृती ठरवून देतात. तत्त्वे मात्र विचार करण्याची पद्धत देतात आणि कृतीची जबाबदारी माणसावर सोपवितात. तत्त्वांवर आधारलेला धर्मच जबाबदार माणसाला शोभेल, असे त्यांचे म्हणणे होते. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट (१७९४–१८७१) ह्याच्या आधारे ‘संवैधानिक नीती’ची कल्पना मांडली. ही भावना निसर्गतः असत नाही. ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते, असे त्यांनी बजावले. ह्याच कल्पनेचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात, प्रौढांमधील संमतीने होणाऱ्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरविण्यापुरते भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम रद्दबातल ठरविले आणि सामाजिक नीती व संवैधानिक नीती ह्यांत विरोध आल्यास दुसरीलाच मान द्यावा लागेल, असा निर्वाळा दिला. ऑस्टिन व हार्ट ह्यांनी केलेला तात्त्विक भेद येथे न्यायनिर्णयाचा पाया झालेला दिसतो.

मूल्यमापन : ‘नीती’ व ‘नीतिशास्त्र’ ह्यांतील भेद हा दोन भिन्न वस्तूंमधील भेद नव्हे, एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन अवस्थांमधील तो भेद आहे. कोणीही माणूस शून्यातून नीती निर्माण करीत नाही. वडीलधाऱ्यांचे वळण, भाषा, समाजातील नाती ह्यांतून ती त्याच्याकडे येते, हे ॲरिस्टॉटल व हेगेल ह्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु अशी आलेली नीती तपासून पाहण्याची शक्तीही त्याच वळणाने त्याला दिलेली असते, हे सॉक्रेटीस व काँट ह्यांचे म्हणणेही तितकेच खरे आहे. हा भेद पुसून टाकला, तर समाजमान्य ते योग्य, असे म्हणावे लागेल आणि मग गुलामगिरी, अस्पृश्यता वा सती ह्यांना विरोध करणारा प्रत्येक सुधारक त्याच्या काळापुरता अनीतिमान ठरेल. उलट हा भेद ताणून त्याचे विभाजन केले, तर नीतिशास्त्र हे कोणाच्याही जीवनाला न भिडणारे पांडित्य होईल. सुधारकांनी रूढीवर टीका केली, तीही बहुधा त्याच समाजाला परिचित असलेल्या न्याय, दया व समता ह्या मूल्यांच्या आधारे. प्रचलित नीतीला तिच्याच मूल्यांचा जाब विचारणे, हे नीतिशास्त्राचे कार्य सॉक्रेटीसपासून आजपर्यंत अखंड चालत आले आहे.